अंदाजेकाकांचे मत

काकांनी स्वतःच्याच घराची बेल वाजवली. किल्ली खिशात होती, दार नुसते लोटलेले होते, आणि आतून बायको ओरडत होती, “उघडंच आहे हो!” तरी त्यांनी पुन्हा एकदा बेल वाजवली आणि पायपुसण्यावर नम्रपणे उभे राहिले.

गुडघा चोळत बायको दारात आली.

“नमस्कार,” काका म्हणाले. “इमारतीच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक होतेय, त्याबद्दल छोटीशी पाहणी करतोय. आपला थोडा वेळ घेऊ का?”

“अहो, दूध उतू जातंय.”

“आपली पसंती कोणाला? विद्यमान अध्यक्ष डॉक्टरसाहेब, का चौथ्या मजल्यावरच्या...”

“चौथ्या मजल्यावरची मीच आहे!”

“पर्याय पूर्ण वाचून दाखवावे लागतात. का चौथ्या मजल्यावरच्या वहिनी, का सांगता येत नाही?”

“चहा हवाय ना? मग आत या आणि तोंड मिटा.”

काकांनी ‘सांगता येत नाही’वर खूण केली, आभार मानले आणि मगच चपला काढल्या.

काकांची उभी हयात सांख्यिकी कार्यालयात गेली होती. लोकांच्या घरी जायचे, माणसे किती, खोल्या किती, सायकल आहे का, सरकारबद्दल काय वाटते, असे विचारायचे आणि स्वतःला काय वाटते ते घरी ठेवून जायचे. पुढे पुढे घरी परत आल्यावरही ते सापडेनासे झाले. ‘जेवलात का?’ असे कोणी विचारले तरी ‘अंदाजे हो’ म्हणायचे, म्हणून सारी इमारत त्यांना अंदाजेकाका म्हणे. बायको पहिल्यांदा भेटली तेव्हा “आवडले का मी?” या प्रश्नालाही त्यांनी हेच उत्तर दिले होते. तिला वाटले, लाजताहेत. ती लाज नसून कामाची पद्धत आहे हे कळेपर्यंत पदरात दोन लेकरे होती.

सासू-सुनेचा खटका उडाला की काका दोघींचे म्हणणे मन लावून ऐकत आणि मधल्या खोलीत जाऊन बसत. मधली खोली हेच त्यांचे मत.

निवृत्त झाल्यावर त्यांना टीव्ही मिळाला. निवडणुकीच्या चर्चा लागल्या की त्यांना चेव येई. “हा म्हणे लाट आली! विचारलंस कितीजणांना? तुझ्या ड्रायव्हरला आणि चहावाल्याला! चार माणसं एकदम ओरडली तर त्याला लाट नाही, भांडण म्हणतात.”

“मग तुमच्या मते कोण येणार?” बायको विचारी.

“येईल कोणीतरी. खुर्ची रिकामी थोडीच ठेवतात.”

मतदानाला ते कधीही गेले नव्हते. तराजू धरणाऱ्याने पारड्यात बसू नये, असे त्यांचे म्हणणे. इतकी वर्षे कोणाचे काही अडलेही नव्हते.

अडले ते लिफ्टपाशी. लिफ्ट बंद पडली त्याला आता एक अख्खा ऋतू उलटला होता. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. घर आणि दवाखाना दोन्ही तळमजल्यावर. लिफ्टबद्दल त्यांना चंद्राबद्दल वाटावे तेवढेच वाटे: वर असते, छान असते. बायकोचा गुडघा मात्र चार जिने उतरायला तयार होईना. तिच्या मैत्रिणी संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर जमत. ही गॅलरीतून वाकून गप्पा मारी, त्या कानामागे हात धरून ऐकत, आणि सुनेची जी तक्रार चौघींत राहायची ती गल्लीभर जाई. एके दिवशी खालून मोठा हशा उठला. “काय झालं गं?” असे तिने दोनदा विचारले. कोणी वर पाहिले नाही.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, “मी उभी राहतेय.”

“गुडघ्याला सोसेल?”

“निवडणुकीला हो!”

पण मेख पुढेच होती. इमारतीत एका घराला एकच मत, आणि घर काकांच्या नावावर. म्हणजे उमेदवारीण स्वतःलाही मत देऊ शकत नव्हती.

“माझं मत तुमच्याकडे आहे,” ती म्हणाली. “द्याल ना?”

“तसं बघितलं तर, तराजू धरणाऱ्यानं...”

“ठेवा तो तराजू खाली. तुमच्या आईसमोर नाही बसलात माझ्या बाजूनं, लेकासमोर नाही. एकदा तरी बसा. मग हरले तरी चालेल मला.”

माणसाला काही सुचेना की तो येत असलेले काम करतो. काकांनी पाहणी काढली.

पाहणी अपेक्षेबाहेर सुरळीत झाली. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाला, “वहिनींनाच!” दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका म्हणाली, “हे काय विचारणं झालं, काका?” खुद्द डॉक्टर एका पेशंटच्या दाढेत वाकले होते. “वहिनींना,” ते मान वर न करता म्हणाले. पेशंटही “आँ” म्हणाला. पण तो इमारतीतला नव्हता, म्हणून काकांनी तो वगळला.

आकडेमोड झाली. सगळी इमारत बायकोच्या बाजूने, आणि एकटी बायको ‘सांगता येत नाही’. दुसरा नवरा असता तर पेढे वाटायला धावला असता. काकांनी बेरीज पुन्हा तपासली. असा निकाल दोनच ठिकाणी लागतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते: हुकूमशहाच्या देशात, आणि उमेदवाराच्या नवऱ्याने पाहणी केलेल्या इमारतीत.

“काय निघालं?” बायकोने विचारले.

“आकडे चांगले आहेत.”

“मग चेहरा का असा?”

“फारच चांगले आहेत गं.”

रविवारी सकाळी खाली गाड्या लावायच्या जागेत सभा भरली. ज्याने त्याने आपापली खुर्ची आणायची होती. एका हातात खुर्ची आणि खांद्यावर बायकोचा हात, असे काका जिना उतरले. प्रत्येक पायरीला ती दात आवळून “आले” म्हणे. खाली पोचल्यावर तिने आधी बाकाकडे पाहिले आणि मग केस नीट केले.

ती थोडकेच बोलली. लिफ्ट दुरुस्त करू, सगळ्यांनी थोडी थोडी वर्गणी काढू. ‘वर्गणी’ शब्दापाशी सभेतला वारा पडला.

“चिठ्ठ्याबिठ्ठ्या कशाला, आपण घरचेच,” डॉक्टर म्हणाले. “हात वर करा. वहिनींच्या बाजूनं कोण?”

शिक्षिकेला मोबाइलमध्ये काहीतरी तातडीचे दिसले. एकजण वाकून बुटाची नाडी बांधू लागला. पायात चपला होत्या. बायको समोर पाहत राहिली. शेजारी काका बसले होते, त्यांच्याकडे तिने मुद्दाम पाहिले नाही.

काकांचा उजवा हात मांडीवरून निघाला. कानापाशी थोडा थांबला, कान खाजवावा की काय असा विचार केल्यासारखा. मग वर गेला. वर गेलेला हात कसा दिसतो हे स्वतः काकांनीही पहिल्यांदाच पाहिले.

“काका,” शिंपी ओरडला, “हे मत धरायचं, का अंदाजे?”

सभा खळखळून हसली. काका उभे राहिले. हात वरच.

“पक्कं धर,” ते म्हणाले. “आणि माझी पाहणी साफ चुकली. तेही धर.”

हसू जिथल्या तिथे विरले. तेवढ्यात समोरून दुसरा हात वर आला. तो डॉक्टरांचा होता.

“डॉक्टर, तुम्ही स्वतःविरुद्ध?” कोणीतरी विचारले.

“मी सांगितलं होतं काकांना! माझं ऐकतं कोण? अरे, लोकांचे दात सोडून मी तुमच्या पाण्याच्या टाक्या किती दिवस बघू? वहिनी, घ्या ना हो सोडवून!”

परंतु लोकशाहीत सुटका एवढी सोपी नसते. डॉक्टर प्रचंड बहुमताने निवडून आले, आणि दाढ दुखावी तशा चेहऱ्याने त्यांनी सगळ्यांची अभिनंदने स्वीकारली.

बायको थोडा वेळ बाकावर मैत्रिणींत बसून आली. मग दोघे जिना चढू लागले. दर वळणावर काका खुर्ची टेकवत, ती बसे, दम खाई, उठे. पहिल्या मजल्याच्या वर, वळणावर, ती बसली ती उठेना.

“पडले की हो मी.”

“पडलीस,” काका म्हणाले.

तिने चमकून वर पाहिले. “इतकं सरळ बोलू नका एकदम. सवय नाही मला.”

सभेची माणसे घरी निघाली होती. जिना अरुंद, वळणावर खुर्ची, खुर्चीत ती. प्रत्येकाला थांबावे लागे, पोट आत ओढावे लागे, भिंतीला पाठ घासत “येतो हं वहिनी” म्हणावे लागे. ती ताठ बसून एकेकाला मानेने जाऊ देत होती. शिक्षिका गेली. चपलांना नाडी बांधणारा गेला.

“गुडघा फार दुखतोय का?” काकांनी वाकून विचारले. “उचलू खुर्ची?”

“दुखत नाही काही,” ती पदर सारखा करत म्हणाली. “थांबा जरा. शिंपी अजून वर यायचाय.”