बाबांचा आवाज अडला तेव्हा

मी या संगणकातली ऑपरेटिंग सिस्टिम बोलतेय. संगणक सुरू केला की सगळ्यांत आधी मी जागी होते आणि प्रत्येक प्रोग्रॅमला जागा देते, पाळी देते. प्रोसेसर एकच, मागणारे ढीगभर. एकाला क्षणाचा तुकडा द्यायचा की लगेच दुसऱ्याकडे वळायचं. आयुष्यभर हेच केलं.

सात वर्षांपूर्वी या घरातल्या मुलीनं घरांचे नकाशे काढायला हा संगणक आणला. मग तिच्या बाबांना पक्षाघाताचा जबर झटका आला. ते शिंपी, गिऱ्हाइकाला हसवत मापं घेणारे. वाचा गेली, एक बोट तेवढं हलायचं. त्या बोटासाठी बोलका प्रोग्रॅम बसवला. बटण दाबून अक्षरं निवडायची, की स्पीकर बोलायचा. पहिलंच वाक्य निघालं, "तुझी बाही उसवलीय गं!" मुलगी हसता हसता रडली.

परवा मात्र माझं चुकलं. मोठा नकाशा उघडलेला, मेमरी भरलेली. बाबा सकाळपासून गप्प होते, म्हणून त्यांचा प्रोग्रॅम मी मेमरीतून काढून डिस्कवर ठेवला. स्वस्थ बसलेल्याची जागा गरजवंताला द्यायची, हा माझा रिवाजच.

मुलगी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. इकडे उशी घसरली, बाबांची मान दुमडली, श्वास कोंडला. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मी त्यांचा आवाज परत आणायला धावले, पण मेमरीत तसूभर जागा नव्हती आणि म्हातारी डिस्क एकेक तुकडा रडतखडत देत होती. शेवटी मी नकाशाच बंद पाडला. तो सेव्ह केलेला नव्हता.

"धाव!" स्पीकर ओरडला.

ती ओल्या हातांनी धावत आली, उशी सरळ केली. बाबा वाचले. मग तिनं पडद्याकडे पाहिलं: नकाशा गायब, मेमरी भरल्याची सूचना. "काम गेलं ते गेलं," ती म्हणाली, "पण तुम्ही किती वेळ दाबत होतात, बाबा?"

आज मेकॅनिक आलाय. "ताई, जुनं सगळं पुसून नवी सिस्टिम टाकतो."

"टाका. हिच्या भरवशावर बाबांना नाही ठेवायचं."

खरंय तिचं. मला पुसा. पण बाबांचं बोट बटणावरून चटकन उठत नाही, दोन सेकंद थरथरतं. नवीला वाटेल, दहा वेळा दाबलं. ती थरथर ओळखायची कशी, ते एका छोट्या फाइलमध्ये आहे. मेकॅनिकनं जपून ठेवायच्या फाइलींत ती घेतलेलीच नाही. मी कुणाला सांगू? मला कुठे आवाज आहे?

बाबा मघापासून बटण दाबताहेत. एकेक ठोका माझ्यापर्यंत येतोय, पण बोलका प्रोग्रॅम मेकॅनिकनं बंद केलाय. पुढे देऊ कुणाला? अगं पोरी, मागे वळ. त्यांच्या बोटाकडे बघ!