सातव्या पानावरचं नाव

सकाळी सातला आमेनां आपल्या टपरीसमोर दोरी ताणायची आणि धुणं वाळत घालावं तसे त्या दिवसाचे पेपर चिमटे लावून टांगायची. साडेसातपर्यंत गर्दी. पेपर घ्यायला नव्हे, हं! घेणारा येतो, पेपर बगलेत मारतो आणि चालू पडतो. हे जमायचे ते मथळे वाचायला. पहिलं पान, तेही फक्त मोठी अक्षरं, आणि त्यावर अकरापर्यंत साऱ्या जगाचा निकाल. योपूगोंत, शहराच्या या भागात, असली टपरी चौकाचौकात आहे आणि प्रत्येकीपुढे असले वीस-पंचवीस रिकामटेकडे आहेत. कुणाच्या तोंडाला कालच्या दारूचा वास, कुणाची धोतरासारखी सुटत आलेली पँट, पण बोलायचे मात्र असे, की पॅरिस आणि वॉशिंग्टनवाले ह्यांना विचारल्याशिवाय चहा पीत नाहीत.

दिग्बेऊला या लोकांची किळस यायची. तो भूगोलाचा मास्तर, तीस वर्षं शाळेत नकाशे टांगून निवृत्त झालेला. पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन. सगळे त्याला 'प्रोफेसर' म्हणत. हे लोक ओरडायचे, एकमेकांवर थुंकी उडवायचे, आणि त्यांचं ओरडून झालं की तो दोन्ही हात हवेत उचलून म्हणायचा, "आधी शांत व्हा. जग समजून घ्यायचं असेल तर डोकं थंड पाहिजे." मग तो बोलायचा. सावकाश, मुद्दा सोडवून, कुठला देश कुठल्या देशाच्या शेपटीवर उभा आहे ते सांगायचा. माणसं तोंडाचा आ करून ऐकायची. त्याला वाटायचं, आपण या लोकांतले नाही.

पण पेपर उघडायचा नाही तोही. टपरीवर यायला लागल्यापासून सहा वर्षांत एकदाही नाही. मथळा बघितला की आतलं आपल्याला कळतं, अशी त्याची खात्रीच होती.

टपरीला लागून कोरोतूमची चूल; सगळे तिला तांती, म्हणजे मावशी, म्हणत. पिकलेली केळी कापून लाल पामतेलात तळायची, वर मिरचीची चटणी. तिचा आलोको सगळ्या गल्लीत नावाजलेला. तिचा मुलगा वामारा दीड वर्षापूर्वी न सांगता निघून गेला, वाळवंट ओलांडून वर, समुद्रकाठच्या देशात. तिथून बोटीनं युरोपला जायचं होतं. गेला तेव्हा कोरोतूम फोनवर त्याला नाही नाही ते बोलली होती. नंतर रडली. तीन महिन्यांपूर्वी शेवटचा फोन आला, की इथे आमच्या लोकांना घरांतून ओढून काढताहेत, कागद काढून घेताहेत. त्यानंतर फोन बंद.

मंगळवारी दोरीवर हाच विषय होता. सरकारच्या बाजूच्या पेपरात बोटभर जाड अक्षरं: 'देश आपल्या लेकरांना घरी आणतोय!' शेजारच्या विरोधी पेपरात: 'विमानाचं नाटक कुणासाठी?'

"नाटकच!" सेरी ओरडला. हा सेरी टायरांची पंक्चरं काढायचा, म्हणजे दुकान त्याचं होतं आणि पंक्चरं बायको काढायची. "निवडणूक आली की विमानं उडतात!"

"तुझ्या पोटात दुखतंय," यापी म्हणाला. हा सरकारचा भाट. "चांगलं काही दिसलं की तुला जुलाब होतात."

"जुलाब तुझ्या तोंडाला झालेत, यापी, ते आधी पूस!"

सगळे फिदीफिदी हसले. एवढ्यात कोरोतूम चुलीवरची कढई तशीच सोडून पुढे आली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद होता. वामाराचा जन्मदाखला.

"प्रोफेसर, मला जरा सांगा हो. रेडिओवर म्हणाले, पोरांच्या घरच्यांनी दाखला घेऊन कचेरीत यावं. बाजारातल्या बाया म्हणतात जा. माझा दीर म्हणतो जाऊ नको, नावं लिहून घेतील आणि मागनं पोलीस येतील, पोराला चोरून का पाठवलंस म्हणून. मी निघालेच होते. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. काय करू?"

सगळ्यांच्या माना दिग्बेऊकडे वळल्या. चौकातल्या ग्बाकांचे, म्हणजे मिनीबसांचे, पोरसवदा कंडक्टर तेवढे बोंबलत होते. दिग्बेऊनं दोरीवरच्या दोन्ही मथळ्यांकडे पाहिलं. त्याला आतून गुदगुल्या झाल्या. असला प्रश्न रोज थोडाच येतो!

"आधी शांत व्हा, तांती," तो म्हणाला. "आता विचार करा. विमान एक. तिथे आपली पोरं किती? हजारो. मग कोण बसणार त्यात? ज्यांची ओळख आहे ते. कॅमेरे येतील, फुलं देतील. तो देश युरोपच्या सांगण्यावरून वागतोय, युरोपला माणसं थोपवायचीत, आणि आपल्या लोकांना फोटो हवेत. तुमच्या दाखल्याचं काय होणार? एका फायलीत पडणार. वर तुमचं नाव त्यांच्याकडे राहणार. तुमचा दीर अगदीच चुकीचं बोलत नाही."

"म्हणजे जाऊ नको?"

"थांबा. घाई करणारा फसतो. मी लक्ष ठेवून आहे."

"वा, प्रोफेसर!" सेरीनं टाळी वाजवली.

आमेनांनं मात्र चिमटा काढून पेपर पुढे केला. "आत काय लिहिलंय ते तरी बघा एकदा. उघडा, पैसे नका देऊ. माझा चष्मा तुटलाय, नाहीतर मीच बघितलं असतं."

दिग्बेऊनं हातानंच तो पेपर बाजूला सारला. "आतलं मला पाठ आहे, बाई."

कोरोतूमचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. नीट घडी घालून तिनं दाखला पिशवीत ठेवला, पिशवी कमरेच्या कापडात खोचली आणि कढईकडे गेली. केळी एका बाजूनं करपली होती. करपलेली तिनं वेगळी काढली आणि चांगली प्रोफेसरच्या पुड्यात बांधली.

गुरुवारी दिवस मावळताना त्यानं नेहमीप्रमाणे तिच्याकडून आलोको घेतला. आमेनांकडचे फाटके, पावसानं भिजलेले, परत न जाणारे पेपर कोरोतूमला मिळायचे, त्यातच ती पुडे बांधायची. घरी पायरीवर बसून त्यानं खाल्लं, बोटं चाटली, कागदाला पुसायला घेतली. तेलानं कागद आरपार दिसायला लागला होता. पान सात. मंगळवारचं.

बारीक अक्षरांत एक यादी होती. वर लिहिलं होतं, की खालील एकतीस जणांची नावं विमानासाठी घेतली आहेत, परंतु त्यांचे कागद हरवल्यानं घरच्यांनी जन्मदाखला घेऊन शुक्रवारी दुपारी बारापर्यंत यावं. कुणावरही कारवाई होणार नाही. बारानंतर जागा दुसऱ्यांना देण्यात येतील. बावीस नंबरवर, चटणीच्या एका बीच्या खाली: दियारासूबा वामारा, योपूगों.

त्यानं ते तीन वेळा वाचलं. मग त्यानं पायरीच्या कडेला ओकून टाकलं. बायकोनं आतून विचारलं, "काय झालं? मिरची लागली?" तो म्हणाला, "हो."

शुक्रवारी सकाळी सातलाच तो निघाला. पानाची घडी घालून खिशात ठेवली होती. जायचं, तिला बाजूला घ्यायचं, सांगायचं: चूक झाली माझी, चला आत्ताच्या आत्ता. कचेरी पुलापलीकडे, ग्बाकानं तासाभराची वाट. वेळ आहे. रस्ताभर तो हे शब्द घोळवत होता.

टपरीशी पोचला तर पंचवीसच्या जागी चाळीस माणसं. रात्रीतून कुठल्याशा सामुद्रधुनीत जहाजं अडकली होती आणि तेल महागणार असा मथळा होता. सगळे एकाच वेळी भुंकत होते.

"आले! प्रोफेसर आले! सरका रे!" सेरीनं त्याचा दंड धरला. "हे साहेब पार तिकडच्या आजामे भागातून आलेत, खास तुम्हाला ऐकायला. तुमचं नाव तिकडं पोचलंय!"

टाय लावलेला एक माणूस अदबीनं वाकला. "तुमच्याबद्दल फार ऐकलंय. आपल्याकडं आरडाओरडा करणारे ढीगभर, शांतपणे समजावणारा कोणी नाही."

दिग्बेऊनं कोरोतूमकडे पाहिलं. ती केळी सोलत होती, सात-आठ पावलांवर. सात-आठ पावलं! पण मधे सेरी होता. सेरीला जर कळलं, की प्रोफेसरनं पेपर न उघडताच बाईला सल्ला दिला, तर तो वर्षभर नाचेल. यापी चौकाचौकात सांगत सुटेल. आणि हा टायवाला. दिग्बेऊनं ठरवलं, पाचच मिनिटं. या जहाजांचं सांगून टाकू, गर्दी पांगली की मग.

तो बोलायला लागला. सामुद्रधुनी कशी असते, तिचं तोंड कुणाच्या ताब्यात असतं, विमेवाले काय करतात. छान बोलत होता, मेला. त्याचं त्यालाच ऐकू येत होतं, की छान बोलतोय, आणि किळस येत होती, आणि तरी तोंड थांबत नव्हतं. आठ वाजले. साडेआठ. टायवाला प्रश्न विचारत होता, तेही चांगले.

नऊच्या सुमाराला कोरोतूमच पाण्याचा पेला घेऊन आली. "घसा सुकला असेल, प्रोफेसर. सकाळपासनं बोलताय." मग तिचं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे गेलं. "अरे देवा, खिशाला तेल लागलंय बघा! माझ्याच आलोकोचं दिसतंय. एवढ्या पांढऱ्या सदऱ्याला! घरी गेल्यावर साबण चोळा, नाहीतर डाग बसेल."

त्याचा हात आपसूक खिशावर गेला. आत घडीचा कागद लागला. आत्ता. आत्ता बोल. ती अगदी समोर उभी होती, तिच्या कपाळावर घाम होता, कमरेच्या कापडातून प्लास्टिकच्या पिशवीचं टोक दिसत होतं. दाखला ती अजून बरोबर घेऊन फिरत होती! हातात कागद दिला असता आणि धावत सुटली असती, तरी वेळेवर पोचली असती.

"चोळतो," तो म्हणाला.

ती पेला घेऊन गेली. सेरी म्हणाला, "हां, मग त्या जहाजांचं, प्रोफेसर?"

दहा वाजले, साडेदहा. अकरानंतर कशाला सांगायचं, पुलावर गर्दी असते, पोचणार नाही, उगीच तिच्या जिवाला घोर. बघा कसं सुचतं माणसाला! आणि हा म्हणे शांत डोक्यानं विचार करणारा. शेवटी गर्दी पांगली, टायवाल्यानं हात हातात घेऊन आभार मानले आणि चौकापलीकडच्या मशिदीतून जुम्म्याची बांग झाली. कोरोतूमनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, हात धुतले, डोक्यावरून कापड घेतलं. जाता जाता त्याला म्हणाली, "माझ्या पोरासाठी दुवा मागते. तुमच्यासाठीही मागेन."

घराच्या वाटेवर त्यानं ते पान गटारात टाकलं. बोटं नाल्याकाठच्या नळाखाली कितीतरी वेळ घासली. वास जाईना.

शनिवारी विमान उतरलं. सोमवारी सकाळी कोरोतूमची चूल थंड होती. ती सरळ टपरीपुढे येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज अगदी साधा.

"माझ्या गल्लीतल्या बिंतूचा मुलगा आला परत," ती म्हणाली. "वामारा त्याच्याच रांगेत होता म्हणे. नाव पुकारलं. पुढे गेला. साहेब म्हणाला, तुझ्या घरून दाखला आला नाही. जागा दुसऱ्याला दिली. जे राहिले त्यांना ट्रकमध्ये घातलं आणि वाळवंटाकडे नेलं. बिंतूच्या मुलाजवळ निरोप दिलाय त्यानं. म्हणाला, आईला सांग, तिचा राग मला कळतो. मी तसा वागलोच होतो. पण एवढा राग धरू नको म्हणावं."

आमेनांनं तोंडाला पदर लावावा तसं कापड लावलं.

"त्याला वाटतंय, मी रागानं गेले नाही," कोरोतूम म्हणाली. "माझ्या कमरेला दाखला होता हो!"

सेरी पुढे सरला. "पण यादी... यादी कुठं होती? आम्ही तर रोज वाचतो!"

"सातव्या पानावर होती म्हणे. मंगळवारी," कोरोतूम म्हणाली. आमेनां दिग्बेऊकडे बघत म्हणाली, "मी उघडा म्हटलं होतं."

आता सगळेच त्याच्याकडे बघायला लागले. यापीच्या ओठांवर काहीतरी वळवळायला लागलं. बोला, दिग्बेऊला वाटलं, मारा मला, तोंडावर थुंका एकदाचे.

"प्रोफेसरना कुणी काही म्हणायचं नाही," कोरोतूम म्हणाली. "त्यांना काय स्वप्न पडणार होतं? बाहेर दिसलं ते त्यांनी सांगितलं. आतलं त्यांना ठाऊक असतं, तर त्यांनी मला पाठीवर घेऊन पूल ओलांडला असता. मी ओळखते त्यांना."

यापीचे ओठ मिटले. सेरीनं मान हलवली. "खरं आहे. माणूस भला आहे."

कोरोतूम त्याच्या जवळ आली. त्याच्या धुतलेल्या सदऱ्याच्या खिशावर अजून पिवळसर डाग होता. त्याकडे तिनं पाहिलं, पण तिला दुसरंच काही हवं होतं. दोरीवरच्या आजच्या पेपराकडे बोट करून तिनं विचारलं, "काय लिहिलंय आज? दुसरं विमान जाईल का हो? सांगा मला. तुम्ही शांतपणे सांगता, मला बरं वाटतं."

पेपर हाताशी होता. चिमटा काढायचा अवकाश. सगळी माणसं वाट बघत होती, टायवालाही आज परत आला होता, मागे उभा होता.

दिग्बेऊनं मथळा वाचला. मग दोन्ही हात हवेत उचलले.

"आधी शांत व्हा, तांती," तो म्हणाला.

कोरोतूम तिथेच टपरीच्या दगडावर बसली आणि ऐकू लागली.