पूररेषा थोडी अलीकडे

नगररचना कार्यालयात नकाशे काढणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. त्या ऑफिसात सरळ म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच.

नदीकाठी पूररेषेच्या आत बांधकामाला बंदी होती. पण बंदी आली की सवलत आली आणि सवलत आली की समिती. समितीचे अध्यक्ष फर्निचरच्या मोठ्या दुकानाचे मालक. दर पुरानंतर अर्ध्या गावाला नवे पलंग लागतात, हा आपला योगायोग. बाकीच्या चौघांचं काम एकच, अध्यक्षांनी मान हलवली की आपली हलवायची. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ही मंडळी जमत आणि चहा गार व्हायच्या आत नदीचे दोन-चार प्लॉट मोकळे करून उठत.

अशाच एका मंगळवारच्या अर्जांत फूटपट्टीला आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव दिसलं. मेहुणे विमा एजंट. लोकांना संकटाची भीती घालण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण स्वतःसाठी प्लॉट घेतला तो नदीच्या तोंडाशी. फूटपट्टीने फाइलवर शेरा लिहिला, ‘मागच्या पुरात इथे सात फूट पाणी होतं. परवानगी देऊ नये.’

“सात फूट कुणी मोजलं?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी. शेजारच्या पंपघराच्या भिंतीवर चिखलाची खूण आहे.”

“अहो बाई, भिंतीवर खुणा काय, पोरंही करतात.”

“सात फुटांवर?”

समितीतले वकील मदतीला धावले. “आपण अट घालू. तळमजल्यावर फक्त खांब, बाकी मोकळं.”

“आणि ते मोकळं राहिलंय का, हे बघणार कोण?”

“अर्जदार सुज्ञ आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “शिवाय तुमचेच मेहुणे ना?”

पाचही जण हसले आणि अर्ज मंजूर झाला.

सुज्ञ अर्जदारांनी वर्षभरात खांबांच्या मधे भिंती घातल्या, भिंतींना दारं बसवली, दारांना पडदे लावले. तळमजल्यावर बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि बहिणीच्या सासूबाईंची खोली झाली. बघायला कुणी आलं नाही.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी पाणी आलं. मेहुण्यांनी आणि शेजाऱ्याने सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वर नेलं. बहीण कागदपत्रं काढायला थांबली, ती गळ्याएवढ्या पाण्यातून जिन्यापर्यंत पोचली. दोन दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा फूटपट्टी रजा टाकून गेली आणि चार दिवस बहिणीबरोबर गाळ उपसत राहिली. भिंतीवर टेप लावून बघितला. सात फूट चार इंच.

“तू सांगत होतीस गं ताई,” बहीण रडत म्हणाली.

“राहू दे आता. तो खराटा दे इकडे.”

समितीलाही फार दुःख झालं. इतकं, की तातडीची बैठक बोलावली. लोकांना सवलतीसाठी हेलपाटे घालावे लागतात, त्यापेक्षा पूररेषाच नदीकडे सरकवावी, असं ठरलं. काठच्या रहिवाशांचा तसा अर्जही हजर होता. त्यावरची दुसरी सही फूटपट्टीने लगेच ओळखली आणि संध्याकाळी ती बहिणीकडे गेली.

“ही सही तुझी?”

“माझीच. घर पूररेषेत राहिलं तर कुत्रंसुद्धा विकत घेणार नाही.”

“रेषा हलवली म्हणून पाणी हलतं होय?”

“पाण्याचं मला नको शिकवूस. मी उभी होते त्यात. म्हणूनच तर विकायचंय.”

“आणि जो घेईल त्याचं काय?”

बहीण वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. “त्याचं तो बघेल. आमचं कुणी बघितलं होतं?”

“मी बघितलं होतं.”

बहिणीने पुढचा कपडा घडीला घेतला. घरी परतताना फूटपट्टीला राग येत होता तो अध्यक्षांचा नाही. त्यांच्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती.

नवी रेषा काढायला तिने लेखी नकार दिला. दुसऱ्या दिवशी तिची रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत झाली आणि नकाशा एका कंत्राटदाराने अर्ध्या दिवसात काढून दिला.

एका रविवारी ती गेली तेव्हा मेहुणे एका निवृत्त नर्सला आणि तिच्या यजमानांना घर दाखवत होते. भिंतींना ताजा रंग होता. “हा बघा सरकारी नकाशा, अगदी स्वच्छ,” मेहुणे म्हणाले.

“इथे पाणी भरतं,” फूटपट्टी म्हणाली.

“कुठपर्यंत?” नर्सने विचारलं.

फूटपट्टीने हात वर केला, मग टाचा उचलल्या.

“ताई, तुम्ही घरच्या की बाहेरच्या?” मेहुणे ओरडले. तोवर नर्स चपला घालून फाटकाबाहेर गेली होती. बहीण आतूनच म्हणाली, “ह्या घरी पुन्हा येऊ नकोस.”

दोन महिन्यांनी घर विकलं गेलं. भर कामाच्या दिवशी, फूटपट्टी फायलींच्या खोलीत असताना, परगावच्या एका नव्या जोडप्याला. बहिणीने नवा पत्ता कळवला नाही. सासूबाईंनी गुपचूप फोन करून सांगितला. टेकडीवर, तिसरा मजला.