सासऱ्यांची फुंकर

ज्या समाजाला नीट ऐकता येत नाही तो समाज बुडाल्याशिवाय राहत नाही, असं सुबराव वडगावच्या गल्लीत उभं राहून म्हणाले. शेजारच्या यल्लाप्पानं काय म्हणालात म्हणून विचारलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. उजव्या कानात कापूस होता आणि डावा कान पॉवरलूमनं केव्हाच खाल्ला होता.

राग मात्र खरा होता. त्याचं कारण सुपारीच्या डबीपेक्षा जरा मोठं, काळं, आणि पुढं एक निळा दिवा असलेलं असं होतं.

बेंगळुरात नोकरीला असलेल्या मंथननं बापासाठी एक जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून पाठवला होता आणि त्याच्यासोबत ही नवीकोरी डबी. फोनो प्रीॲम्प तिचं नाव. रेकॉर्डवरच्या सुईतून निघणारा आवाज मुळात मुंगीच्या कुजबुजीएवढा. तो ॲम्प्लिफायरच्या कानापर्यंत पोचायचा तर मधे कुणीतरी त्याला खांद्यावर घ्यावं लागतं. ते काम डबीचं. 'स्वच्छनाद' नावाच्या एका कोवळ्या कंपनीनं ती नुकतीच बाजारात आणली होती, आणि पहिल्या गिऱ्हाइकांनी आपले अनुभव कंपनीच्या पानावर मोकळ्या मनानं लिहावेत अशी विनंती केली होती. सुबरावांना मोकळ्या मनानं काही करायला सांगू नये, हे गल्लीला ठाऊक होतं. कंपनीला कोण सांगणार?

डबी मागवण्यामागं सुबरावांच्या बायकोचा, चंपाबाईंचा, हट्ट होता. जन्मात त्यांनी केलेला बहुधा तेवढाच. त्यांचे वडील मष्णू निपाणीला दिवसा तंबाखूच्या वखारीत असत आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली होती. मष्णूंचा बोलता आवाज कुणी कुठं टिपून ठेवलेला नव्हता. जगात त्यांचं राहिलं होतं ते त्या काळ्या तबकडीतली फुंकर. माहेरचा प्लेअर बंद पडल्यापासून तीही कुणी ऐकली नव्हती. येत्या रविवारी त्यांची तिथी होती. निपाणीहून धाकटा भाऊ शामू येणार होता, आणि नैवेद्य दाखवून झाला की रेकॉर्ड लावायची असं ठरलं होतं.

खोकं आलं तेव्हा सुबरावांनी ते स्वतः उघडलं. वायरी रंग बघून जोडल्या, लाल तांबड्याला, पांढरी पांढऱ्याला. मग जन्माच्या सवयीनं त्यांनी सगळ्यावरून हात फिरवला. विणकराच्या घरात पातळ मागावरून उतरलं की आधी सुटे दोरे कापायचे. दोरा लोंबतं पातळ पेढीवर नेणारा माणूस आणि धोतर सोडून देवळात जाणारा माणूस यांत वडगाव फारसा फरक करत नाही. प्लेअरच्या मागं एक बारीक हिरवा दोरा लोंबत होता. ना त्याला पिन, ना कुठं जायची घाई. सुबरावांनी कात्री मागितली आणि तो मुळाशी, सफाईनं, कापून टाकला. काम उरकल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर आलं. कापलेला तुकडा चंपाबाईंनी उचलला, कारण त्या घरात दोरा कधी टाकत नाहीत.

मग रेकॉर्ड लावली. स्पीकरमधून आवाज आला, घुंऽऽऽ. लूमची मोटर सुरू करून मालक जेवायला गेल्यासारखा. त्या घुरघुरीच्या तळाशी कुठंतरी, विहिरीत पडलेल्या भांड्यासारखं, एक क्लॅरिनेट होतं.

चंपाबाई स्पीकरजवळ जाऊन बसल्या, बराच वेळ कान लावून बसल्या, आणि उठल्या. तिथून सुबरावांचा राग पेटला.

पहिल्यांदा तो मंथनवर निघाला, फोनवरून. बापाला स्वस्तातलं गळ्यात मारलंस, असं त्याला कानडीत आणि मराठीत सांगण्यात आलं. मंथन म्हणाला की लोकांचे अनुभव तर चांगले आहेत, एकदा वाचा. सुबरावांनी वाचले. पुण्याच्या एकानं लिहिलं होतं की गायिकेच्या बांगड्या किणकिणलेल्याही ऐकू येतात. दुसऱ्यानं लिहिलं होतं की सुरांच्या मागची शांतता कशी काळ्या मखमलीसारखी आहे. सुबरावांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. त्यांच्याकडं शांतता नव्हतीच, मग तिचं कापड कुठलं बघणार? त्यांनी एक तारा दिला, तोही कमी देता येत नाही म्हणून, आणि खाली लिहिलं: 'तुमची डबी गिरणीत बसवावी. पीठ पडंल. विकणाऱ्यानं ती आधी स्वतःच्या सासऱ्याला ऐकवावी.'

मग राग यल्लाप्पाकडं वळला. त्याच्या चार लूम भिंतीला लागून. त्यांचीच घरघर वायरीतून आपल्या घरात शिरते, असा सुबरावांचा निष्कर्ष. ते शेडमध्ये गेले. चालू लूममध्ये माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही, म्हणून तिथली भांडणंही ओठांवर आणि हातवाऱ्यांवर चालतात. दोघांनी एकमेकांची घराणी बोटांनी काढली. शेवटी यल्लाप्पानं वैतागून मेन स्विच पाडला, आणि नेमका त्याच क्षणी सुबराव पोटातून ओरडून सांगत होते की तुझ्या बापालासुद्धा ताणा धरता येत न्हवता. ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. यल्लाप्पाचा बाप कट्ट्यावरच बसला होता. त्यानंही ऐकलं.

सगळ्या लूम बंद. गल्ली गप्प. आणि त्या शांततेत सुबरावांच्या घरातून, पूर्वीपेक्षा स्वच्छ, आवाज आला, घुंऽऽऽ.

"अण्णा," यल्लाप्पा म्हणाला, "आता देवळातली घंटा पन बंद करून बघू काय?"

सुबराव घरी आले ते डबीला तुळशीकट्ट्यावर आपटायच्या बेतानं. दारात चंपाबाई उभ्या होत्या.

"तुम्ही पोरावर वरडला, कंपनीवर वरडला, गल्लीवर वरडला," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ह्या घरात सगळ्यांचा आवाज ऐकू येतोय. माझ्या बाचा तेवढा न्हाय."

सुबरावांनी डबी जागेवर ठेवली. पण राग गेला नाही. खाली कुठं उतरावं हे न सुचून तो तिथंच फिरत राहिला.

रविवारी शामू निपाणीच्या बसनं आला. नैवेद्य झाला, कावळा लगेच शिवला. मष्णूंना जेवणाची कधी तक्रार नसायची. मग सगळे बैठकीत बसले आणि सुबरावांनी, फाशीच्या दोराला हात घालावा तशी, सुई खाली ठेवली.

घुंऽऽऽ.

शामूनं शांतपणे ऐकून घेतलं. "दाजी," तो म्हणाला, "आमचा बा क्लॅरिनेट वाजवत हुता. तुम्ही त्याला मोटार वाजवायला बसवलाय."

सुबराव उत्तराच्या तयारीत तोंड उघडणार, तोच फोन वाजला. कंपनीची बाई होती, स्वरूपा नावाची, माहेर खानापूरचं. सुट्टीचा त्रास देते म्हणून आधी माफी मागितली. एक तारा बघून राहवलं नाही म्हणाली. सुबरावांनी चार दिवसांचा सगळा माल तिच्यापुढं ओतला. तिनं मधे एकदाही तोडलं नाही, आणि तो संपल्यावर विचारलं, "काका, डबीच्या मागं एक स्क्रू आहे बघा. त्याला वायर जोडलीय का?"

"तेच सांगतोय बाई. स्क्रू दिलाय, वायर न्हाय. मोकळा स्क्रू घेऊन काय करू, कानात घालू?"

"वायर प्लेअरची असते काका. मागून निघते. बारीक, बहुतेक हिरवी. ती स्क्रूला लावली की घुरघुर जमिनीत जाते."

सुबराव प्लेअरच्या मागं वाकले. तिथं हिरवं बुडखं होतं, सुपारी कातरल्यासारखं सफाईदार.

त्यांना आधी सगळ्यांत जास्त राग त्या वायरीचाच आला. दोऱ्यासारखं दिसायचं कशाला? मग तो वायरीवरून घसरत घसरत कात्रीवर आला, कात्रीवरून कात्री धरणाऱ्या हातावर, आणि तिथून पुढं जायला जागा नव्हती. त्यांनी फोनमध्ये "रेंज जाते" असं अगदी स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं आणि तो ठेवला.

शामू बघत होता. चंपाबाई बघत होत्या. सुबरावांना वाटलं, आता ही बोलणार. आणि बोलली असती तर बरं झालं असतं. चंपाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात हिरवा तुकडा होता.

सुबरावांनी दातांनी दोन्ही टोकांची साल काढली. मग मागावर ताण्याचा तुटलेला दोरा जोडतात तशी बुडख्याशी त्यांनी तांब्याच्या केसांना गाठ मारली, ओढून बघितली, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि दुसरं टोक स्क्रूखाली आवळलं. गाठ बसली. सुई खाली ठेवली.

काही नाही. एवढं काही नाही, की भिंतीवरच्या घड्याळाला संकोच वाटला असावा. आणि मग, पहिल्या सुराच्या जरा आधी, कुणीतरी छाती भरून श्वास आत घेतला.

शामूचा हात तोंडाशी गेला. चंपाबाई हलल्या नाहीत. क्लॅरिनेट उठलं, लग्नाच्या मांडवातून सरळ वडगावच्या त्या बैठकीत आलं. कडव्या-कडव्यांमधे मष्णू पुन्हा श्वास घेत होते, आणि दर श्वासाला चंपाबाईंची मान किंचित वर जात होती, पोरगी बापाच्या तोंडाकडं बघते तशी. सुबराव त्यांच्याकडं बघू शकत नव्हते म्हणून निळ्या दिव्याकडं बघत होते. शब्द जुळवत होते. चूक माझी, एवढे दोनच होते, पण पॉवरलूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलायची सवय नसते.

तबकडीची एक बाजू संपली. सुई मधोमध येऊन टकटक करत राहिली. सुबरावांनी घसा साफ केला.

"अवं," चंपाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "दुसरी बाजू झाली की ती वायर मला परत द्या. पोह्याची पिशवी उघडीच ऱ्हायलीया."