मागची सीट नसलेली गाडी

निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलने तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, एक पुष्पगुच्छ दिला आणि 'आता मस्त आराम करा' असा सल्लाही दिला. घड्याळ तिने कपाटात टाकलं, पुष्पगुच्छ नवऱ्याने पाण्यात ठेवला. सल्ल्याचं काय करायचं ते मात्र दोघांनाही कळेना. जिने अठ्ठावीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवली, तिला आराम कशाशी खातात हे कुठून माहीत असणार?

सगळे तिला ताई म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, नर्सेस म्हणायच्या, इतकंच काय, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला लिफ्टवालासुद्धा ताईच म्हणायचा. घरी मात्र नवरा 'अगं' म्हणायचा आणि तेवढ्यावर भागायचं. नवऱ्याचं खाली तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर काचा घासायचा आणि जगात कुणालाच धड दिसत नाही याबद्दल मनातल्या मनात खूश असायचा.

आठ दिवस तिने कपाटं आवरली. नवव्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाली, "अहो, मला स्पोर्ट्स कार घ्यायची आहे."

नवऱ्याने कप खाली ठेवला. "कुणाला?"

"मला."

"आणि बसणार कोण तिच्यात?"

"मी. तुम्हाला वाटलं तर तुम्ही. दोनच सीट असतात."

"आणि मागे?"

"मागे काही नाही. तेच तर पाहिजे मला."

आता यात गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तिच्या पाठीमागे कोणी ना कोणी आडवं पडलेलं असायचं. वळण घ्यायचं ते सलाइनची बाटली हलणार नाही असं. ब्रेक मारायचा तो स्ट्रेचर सरकणार नाही असा. तिच्याइतकी चांगली गाडी त्या हॉस्पिटलात कुणी चालवली नाही, हे तिचे शत्रूही कबूल करत. पण गाडी चालवताना तिला कधी मजा आली का? हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला ते एकदा बघायचं होतं. मागे कुणी मरायला टेकलेलं नसताना गाडी चालवायला आपल्याला आवडतं का? आवडलं तर उरलेली वर्षं चालवायची. नाही आवडलं तर किल्ली खुंटीला टांगायची आणि विषय संपवायचा.

तिने ठरवलं म्हटल्यावर सल्लागारांना काय तोटा! मुलगा फोनवरून म्हणाला, "आई, घेतेच आहेस तर नवी घे. सहा एअरबॅग असतात, गाडी स्वतः सगळं सांभाळते." हॉस्पिटलच्या गाड्या दुरुस्त करणारा वस्ताद म्हणाला, "ताई, नव्या गाडीत माणूस नुसता बसतो. चालवायची तर जुनीच." त्याच्याकडे एक होती. चाळीस वर्षांपूर्वीची, बिस्किटी रंगाची, दुमडता येणाऱ्या कापडी टपाची. अकरा वर्षं खपून त्याने ती उभी केली होती.

"आणि ढकलायची कुणी?" नवऱ्याने विचारलं. त्यावर वस्ताद दोन दिवस फुगून बसला होता.

ती म्हणाली, आधी नवी बघते.

शोरूममध्ये एक तरतरीत सेल्समन होता. त्याने आधी नवऱ्याशीच बोलायला सुरुवात केली, मग नवऱ्याने बोटाने बायकोकडे दाखवलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण पठ्ठ्या लगेच सावरला. "या ना मॅडम, टेस्ट ड्राइव्ह घेऊ या." नवरा सोफ्यावर बसला. तो बायकोच्या गाडीत आजवर कधी बसला नव्हता आणि तशी वेळ न आल्याबद्दल देवाचे आभार मानत होता.

गाडी राखाडी, बुटकी, जमिनीला चिकटलेली. आत बसायचं म्हणजे जवळजवळ झोपायचंच. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही, स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या. बोट लावलं की गिअर पडतो, आणि पडला हे कळतसुद्धा नाही. तिने बाहेरच्या वळणरस्त्याला गाडी घातली. सेल्समन म्हणाला, "स्पोर्ट मोडवर टाका." तिने टाकली. मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटली.

आणि मान्य करायला हवं, तिला बरं वाटलं. काय गाडी होती! नुसतं बघावं तिकडे जायची. काटा एकशे दहावर गेला तरी आत चिडीचूप. चाळीसच्या वेगाने चाललोय असं वाटावं. सेल्समन काहीतरी सेन्सरचं सांगत होता, तिला ऐकू येत नव्हतं. तिची नजर आपोआप लांब गेली. पुढच्या सहा गाड्यांमधली वाट तिला दिसायला लागली: हा ट्रक दबेल, ती पांढरी सरकेल, मधून निघायचं. ती निघाली. खांदे सैल झाले, श्वास संथ झाला. कामावर असताना व्हायचा तसा.

पुढे चौक होता. सिग्नल लाल होता. तो तिने पाहिला, पाहिला नाही असं मुळीच नाही. तिचा हात वर गेला, डोक्यावरच्या पट्टीतलं बटण तिने दाबलं आणि लालमधून सरळ गाडी काढली.

ते बटण सायरनचं नव्हतं, आतल्या दिव्याचं होतं.

दिवा लागला. आडव्या रस्त्यावरच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. सायकल घेतलेली एक बाई एक पाय रस्त्यावर टेकून, तोंड उघडं टाकून उभी राहिली. तिच्या पुढच्या चाकापासून गाडी हातभर अंतरावरून गेली असेल, फार तर दोन हात. सेल्समनच्या मांडीवरची फाइल खाली पडली.

ताईने चौक ओलांडून गाडी कडेला घेतली. आतला दिवा दिवसाढवळ्या तसाच जळत होता. तिने तो बंद केला.

"होतं असं कधीकधी," सेल्समन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"नाही होत," ती म्हणाली. "असं नाही होत." ती उतरली, मागे चालत चौकापर्यंत गेली. सायकलवाली निघून गेली होती. परत येऊन ताई दुसऱ्या सीटवर बसली. शोरूमपर्यंत गाडी सेल्समनने नेली, तीसच्या वेगाने.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाली, "मला गाडी चालवता येत नाही हो. मला फक्त अ‍ॅम्ब्युलन्स चालवता येते. लोक बाजूला होतात हे मी धरूनच चालते. सिग्नल माझ्यासाठी नसतातच. उद्या खरंच कुणाला उडवलं तर?"

एरवी टोमणा मारायची संधी नवरा सोडत नसे. या वेळी त्याने ती सोडली. तिने लायसन्स काढून टेबलाच्या खणात टाकलं. विषय संपला.

पण संपला कुठला! तीन आठवडे ती बसने फिरली. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट धरायची आणि तो गिअर उशिरा टाकतो म्हणून घरी येऊन चडफडायची. भाज्या भराभरा चिरायची, भांडी आपटायची. शेवटी नवऱ्यानेच हात टेकले. एका दुपारी दुकान बंद करून तो वस्तादच्या गॅरेजवर गेला. ढकलण्याबद्दल बोललो ते चुकलंच, असं म्हणाला. त्याला ते बोलणं किती जड गेलं असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. हॉर्न कसला, बदक ओरडल्यासारखा आवाज. वस्ताद बिस्किटी गाडी घेऊन उभा होता.

"मी चालवत नाही," ती खिडकीतून म्हणाली.

"ऐकलं मी. ताई, खाली तर या. बघायला काय जातं?"

ती खाली आली. वस्तादने किल्ली पुढे धरली, तिने हात मागे घेतला. मग त्याने बॉनेटवर कोपर टेकलं आणि तिला सरळच विचारलं, "त्या नव्या गाडीत काटा कितीवर होता?"

"एकशे दहा."

"कळत होतं?"

"नाही."

"मग? तुम्हाला वेग कळला नाही, म्हणून तुमचं डोकं कामाला लागलं. मजा यायला त्या गाडीला दीडशेवर न्यावं लागतं, आणि दीडशेवर तुम्ही ड्यूटीवर असता. ही पन्नासला अशी बोंबलते की तुम्हाला वाटेल आता उडाली. साठच्या पुढे गेली तर मला फोन करा, मी पेढे वाटतो. दुसरा गिअर गार असताना पडत नाही, त्याची समजूत घालावी लागते. ब्रेकचं आधीपासून मनात आणावं लागतं. हिच्यात बसून दुसरं काही सुचायला वेळच मिळत नाही. आणि डोक्यावर बटणं नाहीत. छप्परच नाही."

"आणि परत तसं झालं तर?"

"तर मी शेजारी आहे," नवरा म्हणाला आणि दार उघडून आत बसला. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. चेहरा असा होता की जणू भूल न घेता दाढ काढून घ्यायला बसलाय. ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग वर जाऊन लायसन्स घेऊन आली.

पहिली दहा मिनिटं नुसती फजिती. गाडी दोनदा बंद पडली. दुसरा गिअर पडेना, पडला तेव्हा असा खडखडला की फुटपाथवरचा कुत्रा उठून पळाला. तिच्या कपाळावर घाम आला. पहिल्या सिग्नलला ती इतक्या लांबून थांबली की मागच्याने शिव्या घातल्या. दुसऱ्या सिग्नलला बरोबर रेषेवर. तिसरा हिरवा होता, तरी तिने पाय सैल केला आणि दोन्हीकडे बघितलं.

मग घरं संपली आणि टेकडीचा रस्ता लागला. पंचेचाळीसवर इंजिन आरडाओरडा करायला लागलं. वारा कानात, पेट्रोलचा वास नाकात. वळणाआधी तिने क्लच दाबला, मधेच किंचित रेस दिली, दांडा ढकलला आणि यावेळी गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. "बघितलंत?" ती ओरडली. तिला वळण जोरात घ्यायचं होतं. तिने घेतलं. नवरा दारावर आपटला. कोणतीही बाटली हलली नाही, कोणी कण्हलं नाही. ती हसायला लागली. पुढचं वळण तिने आणखी जोरात घेतलं, आणि काटा अजून साठलाही टेकला नव्हता.

"हळू घे की गं!" नवरा ओरडला, पण तोही हसत होता. निदान दात तरी दिसत होते.

ती पार खुळी झाली होती. खरंच मजा होती ही. एवढी साधी मजा, आणि अठ्ठावीस वर्षं स्टिअरिंग हातात असून ती कधी मिळाली नव्हती.

टेकडीच्या वरच्या अंगाला मागून सायरन ऐकू आला. आरसा मुठीएवढा, त्यात निळा दिवा. ताईचं हसणं थांबलं. तिने कडेच्या खडीवर गाडी घेतली आणि थांबवली. अ‍ॅम्ब्युलन्स शेजारून सूं करून गेली, मागची काच दुधी, आत कुणीतरी वाकलेलं. चालवणारा तिच्या ओळखीचा नव्हता. वळण त्याने चांगलं घेतलं.

सायरन टेकडीपलीकडे गेला तरी ती तशीच बसून राहिली. इंजिन चालू होतं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

अठ्ठावीस वर्षांत एकही पेशंट असा नव्हता की ज्याचं पुढे काय झालं ते तिने दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन विचारलं नाही. सोबतचे म्हणायचे, ताई, नका विचारत जाऊ. ती विचारायचीच. जगले ते सगळे तिच्या लक्षात होते. वारले तेही होते, नावानिशी.

"आत्ता गेला ना, तो पेशंट जगेल की नाही ते मला कधीच कळणार नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. मला फार बरं वाटलं हो." तिचे डोळे भरून आले. "आणि बरं वाटलं याची लाज वाटते."

नवऱ्याने तिच्या हातावर हात ठेवला. तिला गिअर टाकायचा होता, म्हणून तिने तो हळूच बाजूला केला.