मोकळा शनिवार

आमच्या गावात सप्टेंबर ते नोव्हेंबर लग्न काढायचं तर आधी कॉलेजच्या फुटबॉलचं वेळापत्रक बघतात, मग पाद्रीला विचारतात. घरच्या मैदानावर मॅच असली की हॉटेलात खोली नाही, चर्चपुढे गाडी लावायला जागा नाही, आणि पाद्री स्वतःच स्टेडियमबाहेर सॉसेज भाजत उभा. म्हणून मी दीड वर्ष आधी आमच्या लेकीच्या, टेसच्या लग्नाला ऑक्टोबरातला मॅच नसलेला मोकळा शनिवार धरला. दुपारी एकची वेळ. हॉल, केक, फुलं, सगळं पक्कं केलं आणि निर्धास्त बसले. मूर्खच मी.

कारण मग आमचं कॉलेज ज्या लीगमध्ये खेळायचं तीच फुटली. नव्वद वर्षांची लीग! बडी कॉलेजं टीव्हीच्या पैशामागे पार दुसऱ्या समुद्राकाठच्या लीगमध्ये पळाली. उरलेल्यांनी चार महिने एकमेकांच्या गळ्यात गळे घालून शपथा घेतल्या, की आता कुणी कुणाला सोडायचं नाही. पुढच्याच आठवड्यात दोघं सटकली. शेवटी आमचं कॉलेज एका नव्या लीगमध्ये शिरलं. आता आम्ही म्हणे फ्लोरिडाचे शेजारी! इथून विमानाने जायचं तर दिवस मोडतो. आणि नवं वेळापत्रक आलं, तर आमच्या मोकळ्या शनिवारी मॅच. तीही घरच्याच मैदानावर.

लग्न हलवणं शक्यच नव्हतं. नवऱ्या मुलाकडची बेचाळीस माणसं मिनेसोटाहून तिकिटं काढून बसलेली.

त्यात माझा नवरा व्हर्न. मैदानाच्या कडेला दोन काठ्या आणि साखळी घेऊन चौघंजण उभे असतात ना, संघ चेंडू घेऊन दहा यार्ड पुढे सरकला की नाही ते मोजायला, त्यातला तो एक. पगार शून्य. एक जॅकेट आणि फुकटचा हॉट डॉग. पण सत्तावीस वर्षांत घरची एक मॅच चुकवली नाही पठ्ठ्याने. टेस गुरुवारी जन्मली म्हणून बरं, नाहीतर तिथेही मी एकटीच असते.

"व्हर्न, लग्नाच्या दिवशी मॅच आहे."

"बघितलं."

"मग?"

"बघू. मॅचची वेळ तर कळू दे."

"वेळ काय कळायचीय? लग्न एकला आहे!"

"मॅच रात्री साडेसातला असली तर दोन्ही जमेल."

आता ही वेळ ठरवणार टीव्हीवाले, आणि ते सांगणार बारा दिवस आधी! जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला, हा आपला "बघू". टेस त्याला काही विचारायची नाही. मला फोन करायची.

"मॉम, मला चर्चमध्ये हात धरून डॅडीच नेणार ना?"

"न नेऊन सांगतो कुणाला!" मी म्हणायचे आणि फोन ठेवून भांडी आदळायचे.

बारा दिवस आधी वेळ आली. दुपारी साडेबारा. व्हर्नने बातमी दोनदा वाचली, टोपी उचलली आणि म्हणाला, "ऑरिनकडे जाऊन येतो." मैदानाची सगळी व्यवस्था या ऑरिनकडे. तासाभराने परत आला. "मी लग्नाला असणार," एवढंच बोलला आणि गवत कापायला गेला. माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी ऑरिनचा फोन. "डोरीन, व्हर्न बरा आहे ना? मलाच कसंतरी झालं गं. नवी लीग साखळीवर स्वतःची माणसं आणणार आहे. आपल्या चौघांनाही नारळ."

"त्याने तुला लग्नाचं काही सांगितलं?"

"छे! तो दारात टोपी हातात घेऊन उभा. तोंड उघडणार तेवढ्यात मीच सांगून टाकलं. 'बरं' म्हणाला आणि गेला."

माझा संताप संताप झाला. सत्तावीस वर्षं, आणि एक चिठ्ठीसुद्धा नाही! पण त्याहून वाईट दुसरंच. व्हर्न तिथे काय सांगायला गेला होता? मुलीच्या लग्नासाठी सुट्टी मागायला, की मी येतोच म्हणून सांगायला? एकतीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला उत्तर घेतल्याशिवाय सोडलेलं नाही. या वेळी विचारायला जीभच रेटेना.

लग्नाच्या दिवशी टेस त्याच्या हातात हात घालून चर्चमध्ये शिरली. निम्मे बाक रिकामे, गावकरी सगळे मॅचला. मधेच स्टेडियमकडून ओरडा आला. व्हर्नचं पाऊल जरासं अडखळलं. मान मात्र वळली नाही.

केक कापून झाल्यावर टेस त्याच्या गळ्यात पडली. डोळ्यातलं काजळ गालावर आलेलं. "डॅडी, मला वाटलं होतं तू मॅच निवडशील. खरंच वाटलं होतं. सॉरी."

व्हर्नचा चेहरा उतरला. टेसच्या खांद्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काहीतरीच काय बोलतेस!" मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून एकच धोशा त्याचा, मॅच गेली खड्ड्यात, मी टेसबरोबर चालणार."

व्हर्नने मान खाली घातली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.