धनवंताबाईंचे सूप

मित्रांनो, मी एक जुने सूप आहे, बांबूच्या कामट्यांचे. आमगावकडच्या एका बुरडाने मला विणले आणि सालेकशाजवळच्या खेड्यात धनवंताबाईंच्या हाती दिले. वीस वर्षे त्या माझ्यात बियाण्याचे धान पाखडत. धानात करगा असतो, म्हणजे रानटी भाताचे काळपट, लांब कुसळाचे दाणे. तो पेरला गेला की बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, त्याचेच राज्य! धनवंताबाई तो दाणा दाणा वेचून काढत. आसपासच्या गावांचे लोकही बियाणे त्यांच्याकडेच आणत. खरे सांगायचे तर त्यातले अर्धे कौतुक मला माझेच वाटे.

एकोणीसशे छत्तीस साली मात्र त्यांच्याच बांधीत करगा माजला. घरधनी बिसराम माझ्यावरच घसरले. "सूप झिजलं आता. नवं आनतो." मला आढ्याला टांगले. फार अपमान वाटला. कारण मला खरे ठाऊक होते. बाई वर्षभर करगा बोटांनी चाचपत होत्या. धान त्यांना पेजेत बुडाल्यासारखे दिसे, आणि हे त्या कुणाला सांगत नव्हत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

मग गावात एक सलाईवाला आला, डोळ्यात सळई घालून मोतीबिंदू बाजूला सारणारा. बिसराम म्हणाले, "घरीच होऊन राहिलं, तं कायले दूर जायचं?"

"मुन्नीबाईले विचारा कायले ते!" धनवंताबाई कडाडल्या. पूर्वी अशाच सलाईने शेजारच्या मुन्नीबाईचा डोळा पिकून कायमचा गेला होता. "मी रेलगाडीनं मोठ्या दवाखान्यात जाईन. अन् येऊन करगा मीच निवडीन."

गेल्याच त्या! डॉक्टरांनी डोळ्यातला गढूळ मणी काढला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठ दिवस निजवले. मान हलवायची नाही. बाईंनी हलवली नाही. हे त्या शेजारणींना सांगत होत्या, तेव्हा मी आढ्यावरून ऐकले.

जाड भिंगांचा चष्मा आला त्या दिवशी त्यांनी मला खाली काढले, जाळी झटकली, शेणाने सारवून उन्हात ठेवले. मग बियाणे पाखडले आणि मला बिसरामांपुढे धरले.

"करगा मोजा बरं."

बिसराम बराच वेळ वाकून पाहत होते. "तीन."

"सात हायेत. उद्या गाडी जुंपा. आता तुमच्या डोळ्यांची पाळी."

बिसराम बैलांना चारा टाकायला गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी भातातले खडे चाचपू लागले, दिवा समोर असून अंधार आहे म्हणू लागले, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. आणि सूप आढ्याला टांगायच्या आधी त्यांचे डोळे दाखवून आणा.